सॅलडचा राखीव नमुना

दवाखान्यातून घरी आल्यापासून आमच्या आईच्या पोटात अन्न म्हणावं असं काही जात नव्हतं, आणि अशा परिस्थितीत एका सकाळी तिने फळांचं सॅलड मागितलं. साधं नव्हे, क्रीमचं. घट्ट फेटलेलं क्रीम, त्यात तऱ्हेतऱ्हेची फळं आणि भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे. ही मागणी तिने खिडकीबाहेर बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा स्वरात केली. त्यामुळे ती नेमकी कोणाकडे दाखल झाली हा प्रश्न सुरुवातीलाच उभा राहिला. मी थोरला मुलगा असल्याने ती माझ्याकडे दाखल झाली असं मी धरून चाललो.

विषय गंभीर होता. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, की पुढच्या तपासणीपर्यंत यांचं खाणं वाढलं नाही तर पुन्हा भरती करून सलाइन लावावं लागेल. आईने त्या सुईचा धसका घेतला होता. तिच्या हाताची शीर सापडत नाही. नर्स बिचारी टोचून टोचून रडकुंडीला आली, तेव्हा आईच तिला म्हणाली होती, "राहू दे गं, तुला किती त्रास." तेव्हा आईने काहीतरी खावं असं आम्हा सर्वांना अगदी मनापासून वाटत होतं. हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही जणांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे.

निघताना डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते, "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." मी ज्या कार्यालयात आहे तिथे असं मोघम वाक्य आलं असतं तर शेरा मारून परत गेलं असतं. आमचं कार्यालय बाजारात जाणारं डबाबंद अन्न तपासतं आणि मी तिथे नमुना विभागाचा प्रमुख आहे. पद्धत सोपी असते. आलेल्या मालातून नमुना काढायचा, तो चाखून तपासायचा, आणि एक नमुना मोहोरबंद करून कपाटात ठेवायचा. उद्या कोणाची तक्रार आली तर ताडून बघायला तो लागतो, म्हणून त्याला राखीव नमुना म्हणतात. माझ्या कारकिर्दीत आमच्या कार्यालयातून एकही खराब बिस्कीट बाहेर गेलेलं नाही. चांगली बिस्किटंही फारशी गेलेली नाहीत, पण ती बाब आमच्या अखत्यारीत येत नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, आई सॅलड मागतेय. चालेल का?"

"चालेल की."

"क्रीमचं मागतेय."

"अहो, चालेल."

"किती ग्रॅम?"

मग डॉक्टर म्हणाले, "वाटीभर द्या. आणखी मागितलं तर आणखी द्या. त्या आपणहून काही मागतायत हेच केवढं चांगलं लक्षण आहे!"

"हे लेखी मिळेल का?"

फोन बंद झाला. थोडक्यात, जबाबदारी घ्यायला कोणीच तयार नव्हतं आणि ती नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडली.

मी स्वयंपाकघरात बैठक बोलावली. बैठकीला बायको होती. आईच्या आजारपणासाठी मुक्कामाला आलेली माझी धाकटी बहीण होती आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे होते. बहीण मोबाइलवर एक अभ्यासक्रम पुरा करून आहार सल्लागार झालेली आहे. मागच्या वर्षी तिने गहू सोडला, यंदा दूध सोडलं, त्यामुळे दुधाच्या पदार्थांबाबत आमच्या घरात तिचा शब्द अखेरचा मानला जातो. मेहुणे विमा विकतात. त्यांना कुठल्याही वस्तूकडे बघितलं की तिच्यामुळे माणूस कसा मरू शकेल ते आधी दिसतं.

बायकोने तेवढ्यात सफरचंद चिरायला घेतलंही होतं. बैठकीच्या आधी काम सुरू करायचं ही तिची जुनी खोड आहे.

"अहो, त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "फळं चिरायची, क्रीम फेटायचं, हलक्या हाताने कालवायचं. आत्ता देते आईंच्या हातात वाटी."

"आणि काही झालं तर?" मी विचारलं.

"काय होणार आहे?"

"तेच तर कोणी तपासलेलं नाही."

मेहुण्यांनी जोरात मान हलवली. "वहिनी, दादांचं बरोबर आहे. अक्रोडाचा तुकडा घशात अडकू शकतो. द्राक्षाची बी असते. केळ्यावरून तर पाय घसरून किती जण जातात."

"आई केळं खाणार आहेत, त्याच्यावरून चालणार नाहीयेत," बायको म्हणाली.

"दादा, क्रीम आणि आंबट फळं एकत्र अजिबात चालत नाहीत हं," बहीण म्हणाली. "आता सगळीकडे हेच सांगतायत."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे आमच्या ग्रुपवर."

बायकोने सुरी खाली ठेवली. "मग आईंनाच विचारू या ना. इतकी वर्षं हे सॅलड त्याच करत आल्या. कोण पाहुणे आले की पहिलं तेच व्हायचं."

मला ही सूचना फेटाळावी लागली. ज्याला लाभ व्हायचा आहे त्यालाच निकष विचारायला लागलो तर कारभार चालायचा कसा? लाभार्थ्याला प्रक्रियेपासून लांब ठेवणं यातच त्याचं हित असतं. एवढ्यात आतल्या खोलीतून आईचा बारीक आवाज आला, "द्राक्षं अर्धी कापा गं. नाहीतर क्रीम धरत नाही त्यांना." ही सूचना अधिकृत मार्गाने आलेली नसल्याने आम्ही तिची दखल घेतली नाही. द्राक्षं मात्र अर्धी कापली.

सर्वानुमते ठरलं, की सॅलड करायचं, पण तपासून झाल्याशिवाय ते आईच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही.

पहिली खेप तयार झाली. बायकोचा हात चांगला आहे हे मान्य करायला हवं. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून तिने त्यांना लिंबू चोळलं. संत्र्याच्या पाकळ्यांवरची पांढरी त्वचा नखाने सोलून काढली. अक्रोड कोरडेच भाजले आणि लाटण्याने जाडसर चेचले. क्रीमचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवून ती ते फेटत राहिली, शेवटी क्रीमला टोक येऊन ते तसंच उभं राहिलं. त्यात पिठीसाखर गेली, मग फळं, मग अक्रोड, आणि सगळं लाकडी चमच्याने खालून वर असं कालवून तिने फ्रिजमध्ये ठेवलं. घरभर भाजलेल्या अक्रोडांचा वास सुटला होता. आतून आईने विचारलं, "झालं का रे?"

"प्रक्रियेत आहे, आई," मी म्हणालो.

सॅलड गार झाल्यावर नमुना काढण्याचा प्रश्न आला. चमचाभर नमुना ग्राह्य धरता येत नाही, कारण चमच्यात एखादं द्राक्ष येईल, संत्रं येणार नाही, आणि मग तो सबंध मालाचं प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून प्रत्येक तपासनिसाने वाटीभर घ्यावं असं मी सुचवलं. यावर कोणीही आक्षेप घेतला नाही.

"आधी आईंना एक वाटी बाजूला काढते," बायको म्हणाली.

"तपासायच्या आधी?" मी आणि मेहुणे एकदम म्हणालो.

तिने कपाळाला हात लावला आणि स्वतःची वाटी उचलली. पहिला घास घेतल्यावर तिचा चेहरा जरा निवळला. दुसरा घास घेतल्यावर ती म्हणाली, "साखर थोडी कमी पडलीय का? बघायला पाहिजे परत." तिने परत बघितलं. बहिणीने दूध सोडलेलं असूनही केवळ आईसाठी म्हणून वाटी रिकामी केली, आणि आंबट फळांचा त्रास लगेच होत नाही, थोड्या वेळाने होतो, म्हणून थोड्या वेळाने आणखी एक घेतली. मेहुण्यांना एक अक्रोड टणक लागला. हा अपवाद आहे की सगळा मालच तसा आहे, हे ठरवण्यासाठी त्यांना उरलेले अक्रोड तपासणं भाग होतं, आणि अक्रोड क्रीमला चिकटलेले असल्याने क्रीमही तपासावं लागलं. मी प्रमुख या नात्याने तळाचा थर तपासला, कारण जड कण खाली बसतात.

निष्कर्ष एकमताने निघाला. सॅलड उत्तम होतं, निर्धोक होतं, आजारी माणसाला बेलाशक देण्याजोगं होतं. फक्त ते संपलं होतं.

"आता दुसरं करते आणि थेट आईंना देते," बायको म्हणाली. "हे पास झालंय ना?"

मला तिची कीव आली. पास झाली ती पहिली खेप. दुसऱ्या खेपेत दुसरी सफरचंदं असणार, दुसरं क्रीम असणार. पहिल्या खेपेच्या निकालावर दुसरी खेप आजारी आईच्या हातात द्यायची, याला आमच्या कार्यालयात निष्काळजीपणा म्हणतात. मी तिला हे शांतपणे समजावून सांगितलं. तिने सुरी विसळून जागेवर ठेवली, तेव्हा तिला पटलं असं समजून मी पुढे गेलो. जेवणाच्या वेळी आईला सूप पाठवलं. ते तसंच परत आलं, वर जाड साय धरून.

"तिला म्हणावं, घोटभर तरी घे," मी म्हणालो.

"म्हटलं," बहीण म्हणाली. "तर म्हणते, पोटात जागा ठेवलीय."

ऐकून मला गलबलून आलं. आईने आमच्यावर केवढा विश्वास टाकला होता! त्या क्षणी मी ठरवलं, की दुसऱ्या खेपेत तपासणी आणखी कडक करायची.

दुसरी खेप मोठी केली आणि तपासायलाही तितकाच वेळ लागला. या खेपेला मेहुण्यांची कर्तव्यबुद्धी विशेष जागी झालेली दिसली. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यातलं सॅलड आणि वरच्या कप्प्यातलं सॅलड यांच्यात फरक पडतो का, हा मुद्दा त्यांचाच. बायकोने या खेपेला हुज्जत घातली नाही, तिने थेट मोठी वाटी घेतली. मी मात्र भान ठेवलं. कोणी चमचा बुडवायच्या आत मी नियमाप्रमाणे एक वाटी भरली, तिच्यावर झाकण ठेवलं, झाकणावर चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. हा राखीव नमुना.

"ही वाटी आईंची ना?" बायकोने विचारलं.

"ही वाटी कोणाचीच नाही. ही फ्रिजमध्ये राहील. उद्या सॅलडबद्दल तक्रार आली तर आपण ताडून बघणार कशाशी?"

"तक्रार करणार कोण?"

"ज्याने खाल्लं तो. म्हणजे आई."

"आईंनी आजपर्यंत कधी कशाची तक्रार केलीय?"

"नाही ना? म्हणूनच पहिल्या तक्रारीच्या वेळी आपण बेसावध असून चालणार नाही."

संध्याकाळपर्यंत दुसरी खेपही उत्तीर्ण झाली आणि सिंकमध्ये रिकाम्या वाट्यांचा ढीग पडला. घरात आता तयार सॅलड उरलं होतं ते एवढंच, मोहोरबंद, सगळ्यांच्या सह्यांचं. डॉक्टरांकडची तपासणी तोंडावर आली होती आणि आईच्या पोटात दिवसभरात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

पेचप्रसंग खराच होता. आम्ही बाहेरच्या खोलीत दार लोटून बैठकीला बसलो. बायको म्हणाली, राखीव नमुना काढा आणि द्या. बहीण म्हणाली, देऊ, पण आईने तो कोमट करून खावा. मेहुणे म्हणाले, आईंनी आधी सही करून द्यावी की त्या स्वतःच्या जबाबदारीवर खातायत. मी म्हणालो, राखीव नमुना एकदा फोडला की तो राखीव राहत नाही, आणि राखीव नमुन्याशिवाय खेप वैध राहत नाही, आणि अवैध खेपेतलं सॅलड मी माझ्या जन्मदात्या आईला कुठल्या तोंडाने भरवू? वाद चांगला रंगला. आपण सगळेच आईसाठी किती तळमळतोय हे प्रत्येक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता.

मध्येच स्वयंपाकघरातून चमचा पडल्यासारखा आवाज आला.

आम्ही धावलो. फ्रिजचं दार उघडं होतं, ओट्यावर राखीव नमुन्याची वाटी होती, आणि ती इतकी लख्ख होती की धुवायची गरज नव्हती. चिकटपट्टी एका कडेने नीट सोलून ओट्याला चिकटवून ठेवली होती. आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर आई बसली होती. जिला न्हाणीघरापर्यंत न्यायला दोघं लागायची ती आई, भिंतीला धरत धरत एकटी इथपर्यंत आली होती. तिच्या वरच्या ओठावर क्रीमची पांढरी रेघ होती. गालांवर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता.

मला खरंच भरून आलं. वाटलं, जावं आणि तिच्या मांडीत डोकं ठेवावं. बहीण तर पुढे झालीच होती. पण मी हात आडवा धरून तिला थांबवलं. आधी चौकशी होणं आवश्यक होतं, पुरावे पुसले जायच्या आत.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी खाल्लं," आई म्हणाली.

मेहुण्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आजारी माणसाच्या कबुलीजबाबाला अर्थ नसतो, विमा कंपनी तर तो ग्राह्यच धरत नाही. शिवाय दवाखान्याच्या कागदावर स्पष्ट म्हटलं आहे की रुग्णाला आधाराशिवाय चालता येत नाही. मग रुग्ण फ्रिजपर्यंत आलाच कसा? मलाही ते पटलं. कागद खोटा ठरवण्यापेक्षा आईला खोटं ठरवणं केव्हाही सोपं होतं.

"आई, तू इथे बसून होतीस. कोण येऊन गेलं ते सांग."

"अरे, मीच खाल्लं रे. अक्रोड जरा जास्त भाजलेत. आणि इतकं गार नसतं करायचं, फळांची चव मरते."

बैठकीतल्या चारही जणांनी एकमेकांकडे बघितलं. तक्रार! आईच्या आयुष्यातली पहिली तक्रार, तीही दोन मुद्द्यांची, आणि ताडून बघायला राखीव नमुना नाही! कार्यालयात मी असे प्रसंग फक्त प्रशिक्षणात शिकवले होते. प्रत्यक्षात माझ्यावर ओढवतील असं वाटलं नव्हतं.

मेहुण्यांनी तपासाची दिशा सुचवली. चोरी उघडकीला येते ती हेतूवरून. तेव्हा घरात कोणाला काय खायला आवडतं ते आधी ठरवावं. हे काम सोपं निघालं, कारण प्रत्येकाची आवड घरात सर्वांना पाठ होती. मला तिखट आवडतं, कुरकुरीत आवडतं आणि चहा उकळलेला लागतो. बहिणीला लहानपणी अंड्याचं फक्त पांढरं चालायचं, हे बायकोलासुद्धा माहीत होतं. मेहुण्यांना प्रत्येक पदार्थ गरम लागतो, आणि बायकोला भाजी खाली लागलेली असली तर ती खरवड हवी असते. हे सगळं आम्हाला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ते भराभर निघत गेलं. आई स्टुलावर बसून ऐकत होती आणि जिथे आमचं चुकेल तिथे दुरुस्ती करत होती.

"आणि आईंना?" बायकोने विचारलं.



"आईला..." बहीण म्हणाली. "आईला म्हणजे... तिला सगळंच आवडतं."

"हो, आईंचे कसलेही नखरे नसतात," मेहुणे म्हणाले. "उरलंसुरलंही चालतं त्यांना."

मी आठवून बघितलं. सॅलडच्या दिवशी आई पाहुण्यांना वाढायची, आम्हाला वाढायची. तिच्या हातात वाटी असल्याचं काही आठवेना. तिला ते आवडत असेल असं दाखवणारा कोणताही पुरावा माझ्यासमोर नव्हता. ज्याला सगळंच आवडतं त्याला एका सॅलडसाठी चिकटपट्टी सोलण्याचं काय कारण? हेतू सिद्ध होत नाही, असं म्हणून आम्ही आईला एकमताने निर्दोष ठरवलं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मेहुणे पाणी आणायला धावले.

त्यानंतर प्रत्येक खेपेचा राखीव नमुना असाच नाहीसा होत गेला, नेमका आम्ही बाहेरच्या खोलीत बैठकीला बसलेले असताना. बायको हल्ली बैठक लवकर संपू देत नाही, नवे नवे मुद्दे काढते. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आईचं वजन बघून तोंडभर कौतुक केलं, सलाइनचं नाव काढलं नाही, आणि "काय खाऊ घातलंत?" असं विचारलं. अधिकृतरीत्या आईला अजून सॅलड देण्यात आलेलं नसल्यामुळे मी सूप असं सांगितलं. चोराचा शोध चालू आहे.

आपण हे वाचताना मधून मधून हसलात, आणि असा कसा हा माणूस, असं एकदा तरी म्हणालात, याची मला कल्पना आहे. माझी हरकत नाही. फक्त एक छोटीशी पडताळणी करू द्या, सवयीचा भाग म्हणून. आपल्या आईला काय खायला आवडतं? ती काय छान करते ते विचारत नाहीये, तिला स्वतःला काय आवडतं ते विचारतोय. सावकाश सांगा, घाई नाही. फक्त "सगळंच" असं म्हणू नका. ते उत्तर आमच्या घरी अगोदरच मंजूर झालेलं आहे.